प्रश्न संपायच्या आत

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील आणि मग चिडली असशील. घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. चिडायचं असेल तर खुशाल चीड, पण पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच उठून दुकानात कापड मोजायला जाऊ नकोस. खरं तर हे सगळं फोनवर सांगणार होते. त्या रविवारी फोन केला तो त्यासाठीच. पण तू मला दोन वाक्यांत वाटेला लावलंस. माझ्या कामाच्या खोलीला पडदे हवेत म्हटलं, तर म्हणालीस, कुठलंही कापड घे, चालेल. माझ्या घरच्या पडद्यांना अस्तर लावलं नाही म्हणून जिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता, तिने हे म्हणावं! मी फुगून बसले. मग ठरवलं की लिहायचंच. पत्राला मधेच 'ठेवते हं' म्हणता येत नाही.

तर बातमी अशी की आमच्या मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोघंजण उभे राहिलो, मी आणि शेजारच्या खोलीतले डॉक्टर. माणूस चांगला आहे, फक्त चहात साखर कमी पडली तरी आलेख काढून दाखवतो. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. मानासाठी नाही असं लिहिणार होते, पण तुझ्यापुढे कसला आव आणायचा, मानासाठीही हवी होती. आणि दुसरं म्हणजे बाह्यरुग्ण विभागातली ती मुलाखतीची खोली मला बदलून घ्यायची होती. आठवते ना तुला? दार लावलं तरी आतलं रडणं बाहेरच्या बाकावर ऐकू जातं. पंखा अजून तोच आहे, तसाच कुरकुरतो. प्रमुखाच्या सहीशिवाय तिथली वीटसुद्धा हलत नाही.

आता खुर्ची कुणाला द्यायची हे हल्ली कसं ठरतं ते ऐक, कारण तू इथे संशोधन करत होतीस तेव्हा हे खूळ नव्हतं. किती पेपर छापले ते विचारतातच, पण त्याहून बारकाईने विचारतात की तुमच्या पेपरांचा दाखला इतर किती जणांनी आपल्या पेपरात दिला. एक दाखला म्हणजे एक सायटेशन. ही मोजदाद संगणक करतो आणि तो सांगेल ती आमची पत. माझ्या पेपरांचा म्हणशील तर ढीग आहे. चिंतेने पोखरलेल्या माणसाचं लक्ष कुठे कुठे जातं, यावर मी निम्मं आयुष्य घातलं. पण माझे दाखले देतात माझेच विद्यार्थी, आणि त्यांचे देते मी. घरातल्या घरात वाटून खाणं चाललंय. बाहेरचं कुणी चुकून आलंच, तर 'मात्र या निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही' असं म्हणायला येतं. गंमत म्हणजे संगणक तोही दाखला धरतो.

अर्जासाठी ग्रंथालयातल्या बाईंनी माझ्या नावावरची सगळी नोंद छापून आणून दिली आणि वर माझं अभिनंदन केलं. आकडा पाहून मीच चाट पडले. एवढी थोर मी कधी झाले? मग नीट पाहिलं, तर निम्म्याहून जास्त दाखले एकट्या एका पेपरला होते. सगळ्यांत वरचा, ठळक अक्षरातला. त्याच्यापुढे माझे बाकीचे पेपर म्हणजे लग्नाच्या फोटोत मागे उभे असलेले नातेवाईक. आणि तो पेपर माझा नव्हता, ठमे. तो तुझा होता.

हे कसं झालं ते कळायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, कारण हे आपल्याशी जन्मभर होत आलंय. बाबांच्या हौसेपायी आपल्या दोघींची नावं एकाच अक्षरावरून. मधलं अक्षर बाबांचं, म्हणजे तेही एकच. लग्नानंतरही पेपरांवर माहेरचंच नाव ठेवलं, म्हणून आडनावही एक. शाळेत तुझ्या गणिताच्या पेपरावरचा शेरा मला वाचून दाखवला होता आणि माझं वक्तृत्वाचं बक्षीस तू स्टेजवर जाऊन घेऊन आली होतीस, वर आभाराचं भाषणही करून. तुझा पेपर छापणारं ते छोटं जर्नल कुणीतरी उशिराने संगणकावर चढवलं असणार. संगणकाने पाहिलं, आद्याक्षरं तीच, आडनाव तेच, संस्था तीच, विभाग तोच. त्याने तुला उचलून माझ्या खात्यात टाकलं. पूर्ण नाव पेपरावर छापलेलं आहे, पण संगणक पूर्ण नावं वाचायच्या भानगडीत पडत नाही.

मी तो पेपर पुन्हा वाचला. दार लावून वाचला, कारण वाचताना माझं काय होणार ते मला ठाऊक होतं. तू हातात स्टॉपवॉच घेऊन त्या खोलीत बसायचीस आणि सगळा विभाग तुला घड्याळबाई म्हणायचा. बाकीचे सगळे रुग्णांचे शब्द टिपत होते आणि तू शब्दांच्या आधीची जागा मोजत होतीस. 'कशा आहात?' आणि 'बरी आहे' यांच्यामधली. तुझ्या गाइडनी भर बैठकीत म्हटलं होतं की हे मानसशास्त्र नाही, घड्याळदुरुस्ती आहे, आणि सगळे हसले होते. तू परत येऊन माझ्या टेबलाशी बसलीस आणि माझा डबा खाऊन टाकलास. मला वाटलं, चला, हिला फारसं लागलेलं दिसत नाही.

पण तुझं म्हणणं किती साधं होतं. माणसाला 'कसा आहेस' विचारलं की तो क्षणभर थांबतो, आत डोकावतो आणि मग काय ते सांगतो. ज्याचं उत्तर प्रश्न संपायच्या आत येतं, त्याने आत पाहिलेलंच नसतं. तुझ्या आकड्यांप्रमाणे घाईने 'बरी आहे' म्हणणारेच पुढे उपचार सोडून जात होते, पुन्हा खचत होते. थांबून 'नाही हो, बरं नाही' म्हणणारे त्यामानाने सावरत होते. त्यात एक वाक्य आहे: 'आत डोकावून यायला वेळ लागतो, ज्याचं उत्तर दारातच तयार उभं असतं, तो बहुधा आत गेलेलाच नसतो.' मोठ्या जर्नलांनी हे वाक्य काढा म्हणून सांगितलं होतं. तू काढलं नाहीस आणि पेपर साभार परत घेत राहिलीस. शेवटी तो अशा ठिकाणी छापला गेला की त्या अंकातली पानंही उलटीसुलटी लागली होती.

हे तुला कुठून सुचलं, ते तू पेपरात लिहिलेलं नाहीस. मला कुणी सांगायची गरज नाही. बाबा कामावरून येऊन चपला काढता काढता आईला विचारायचे, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वयंपाकघरातून 'बरी आहे' यायचं. नळ चालूच असायचा. तू सात-आठ वर्षांची होतीस तेव्हा ह्याची नक्कल करायचीस, बाबा तोंड उघडतात तोच 'बरी आहे', आणि आम्ही पोट धरून हसायचो. आईही हसायची. मग ती दुपार आली. शेजारच्या काकूंनी आईला रुग्णालयात नेलं, तिने मूठभर गोळ्या घेतल्या होत्या हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, तरी ते आपल्याला कळलंच. त्या सकाळीसुद्धा बाबांनी विचारलं होतं आणि ती तेच म्हणाली होती, तेवढ्याच घाईने. आई वाचली, हळूहळू सावरली, नंतर बरीच वर्षं आपल्याला लाभली. पण तू ती नक्कल पुन्हा कधी केली नाहीस. तू थेट स्टॉपवॉच घेतलंस.

आणि आता तुला सांगायची गोष्ट. तुझी फेलोशिप पुढे वाढवली नाही तेव्हा निघताना तू मला विचारलं होतंस की हे कधी कुणी वाचेल का. मी तेव्हा काहीतरी बोलले असेन, धीर देतात तसं. आज खरं उत्तर देते. वाचतात. मी सुट्टीच्या दोन दिवसांत मिळतील तेवढे दाखले काढून वाचले. कुणी नर्सना शिकवायला तुझी पद्धत वापरतं. कुणी बाळंतिणींच्या वॉर्डात वापरतं, कारण तिथे सगळ्या जणी छान आहे, छान आहे म्हणत असतात. खचलेल्या माणसांसाठी जी फोनची सोय असते ना, तिथे बसणाऱ्यांच्या प्रशिक्षणात तुझं ते वाक्य जसंच्या तसं आहे. ज्यांना तुझं नाव माहीत नाही, तू आता पडदे शिवतेस हे माहीत नाही, अशी माणसं तुझ्यामुळे फोन लवकर ठेवत नाहीत. मला इतका आनंद झाला की मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आणि पोटातही दुखलं, तेही सांगून टाकते. माझा एवढा ढीग आणि तुझा एक. पण दुखणं संध्याकाळपर्यंत टिकलं, आनंद अजून आहे.

मग मी मोठ्या सरांकडे, आमच्या संचालकांकडे गेले आणि सांगितलं की नोंद चुकली आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, नोंदीत आद्याक्षरं तुमचीच आहेत, चूक संगणकाची आहे, तुमची नाही; निवड होईपर्यंत राहू द्या, नंतर सावकाश सुधारू. घरी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तुझं तोंडच सांगतंय की तू ठरवून आली आहेस, मग मला कशाला विचारतेस? तेही खरंच. बक्षीस तू घेऊन आलीस तेव्हा घरी आल्या आल्या माझ्या हातात दिलं होतंस, कपाटात ठेवून सावकाश दिलं नव्हतंस. मी त्याच दिवशी तो पेपर माझ्या नावावरून काढला. एक बटण दाबलं आणि माझी पत धाडकन खाली आली. शेजारच्या डॉक्टरांना आलेख काढायला चांगलाच विषय मिळाला असेल.

पण काढणं सोपं आणि लावणं कठीण. तो पेपर तुझ्या नावावर मी चढवू शकत नाही, तो लेखिकेने स्वतः येऊन आपला म्हणायचा असतो. तोवर तो तिथे बेवारस पडून आहे. एवढी माणसं रोज येऊन त्याला भेटतात आणि घरधनीणच नाही. मला ते बघवत नाही. म्हणून तुला फोन केला होता, आणि तू कुठलंही कापड घे म्हणालीस.

त्या रविवारनंतर मंगळवारी मुलाखत झाली. लांबलचक टेबल, पाच जण, माझ्यापुढे पाण्याचा पेला. त्यांत एक बाहेरच्या परीक्षक बाई होत्या, पिकलेले केस, फार कमी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढे दुरुस्तीआधी छापलेली माझी जुनी नोंद होती. त्या म्हणाल्या की बाकीचं सगळं ठीक आहे, पण तुम्हाला भेटायचं होतं ते या एका पेपरसाठी. त्यांच्या वॉर्डात कित्येक वर्षं त्यावर काम चालतं. मोठे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, "तो पेपर माझा नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा आहे." आणि सुधारलेली नोंद पुढे सरकवली. दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठमे, तुला काय सांगू, मला इतकं ताठ बसल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं की तुमची बहीण सध्या कुठल्या संस्थेत असते. मी म्हटलं, पडद्यांचं दुकान चालवते. कुणी हसलं असतं तर मी पेला फेकून मारला असता, पण कुणी हसलं नाही.

मग त्या बाईंनी विचारलं, "आता त्या कशा आहेत?"

"बरी आहे," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. तुझा पेपर कोळून प्यालेली बाई ती. त्यांचं वाक्य पुरं झालं नव्हतं आणि माझं उत्तर येऊन गेलं होतं. पुढे त्यांनी काय काय विचारलं आणि मी काय सांगितलं, मला आठवत नाही. खुर्ची शेजारच्या डॉक्टरांना मिळाली. मी एक दिवस हिरमुसून घरी बसले, दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांचं अभिनंदन केलं आणि मुलाखतीच्या खोलीचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून आले. खोली बदलेपर्यंत मी त्यांना सुखाने आलेख काढू देणार नाही, ते त्यांनाही कळलंय.

ठमे, खुर्चीसाठी किंवा पेपरसाठी लिहायचं असतं तर इथेच थांबले असते. पण त्या खोलीतून बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि मला रविवारचा फोन पुन्हा ऐकू आला. मी 'कशी आहेस' म्हणत होते, त्यातला 'आहेस' अजून माझ्या तोंडातच होता आणि तुझं 'बरी आहे' येऊन गेलं होतं. त्यानंतर तू म्हणालीस, कुठलंही कापड चालेल. तुला कुठलंही कापड कधीपासून चालायला लागलं? भाऊजी कामासाठी बाहेरगावी, लेक शिकायला लांब, दुकानाचे फोटो पाठवणं तू केव्हाच बंद केलंस, आणि मी मात्र अस्तरावरून फुगून बसले होते. आईच्या वेळी आपल्याला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि ते तूच शोधून काढलंयस. म्हणून मी शुक्रवारच्या गाडीने निघते आहे. रजा टाकली आहे, परतीचं तिकीट काढलेलं नाही आणि येऊ नकोस म्हणायला फोन केलास तर मी उचलणार नाही. पेपर तुझ्या नावावर चढवायचा की नाही, ते नंतर बघू. इतकी वर्षं थांबला, अजून थांबेल. मी तुझ्या दारात उभी राहून एकच प्रश्न विचारणार आहे. तेव्हा घाई करू नकोस. आत जा, सगळीकडे नीट बघ, हवा तेवढा वेळ घे आणि मग जे असेल ते येऊन सांग. मी हातातली बॅग खाली ठेवून दारातच थांबते.

तुझीच, तुझ्या उत्तरासाठी थांबलेली,
मास्तरीणबाई